नागली दळणारा वाघ

गोंदाकाकाला बोलायला वेळ लागे. शब्द त्याच्या ओठांपर्यंत येत आणि तिथंच अडून बसत. मग त्याची मान एका बाजूला कलायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस उगाच छपराकडे नाहीतर रस्त्याकडे बघू लागायचा. आम्हा घरच्यांना त्याची सवय झाली होती. सवय म्हणजे एवढीच, की त्यानं वाक्य सुरू केलं रे केलं, की आमच्यापैकी कुणीतरी ते पुरं करून टाकी. "यमे, त-त-" एवढं ऐकू आलं की मी तांब्या पुढे करी. बाजारात, वाण्याकडे, न्हाव्याकडे तो मला बरोबर नेई आणि त्याच्या वतीनं मीच बोले. जव्हारचा बाजार मला 'गोंदूची वाचा' म्हणून ओळखत असे. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला त्याची केवढी ऐट!

गोंदाकाका म्हणजे माझ्या वडिलांचा, तात्यांचा, धाकटा भाऊ. तात्या संस्थानच्या कचेरीत कारकून होते. शब्दाला शब्द लावून समोरच्याला गप्प करण्यात पटाईत, आणि त्यांच्याच पाठीवरचा हा भाऊ असा. आमचं घर बाजाराच्या मागच्या उतारावर होतं, कौलारू, पुढे ओटी आणि मागे परसात फणस. पहाटे आईचं जातं सुरू होई, त्या घरघरीत आम्हा भावंडांची झोप आणखी गोड होई. मग चुलीवर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी पडे. तिचा तो जरासा करपट, मातीसारखा वास मला आजही नाशकातल्या या फ्लॅटमध्ये मधेच येतो आणि मी सुनेला विचारते, "काय गं, भाकरी टाकलीस?" ती पोळ्या करत असते. बरोबर कुळथाचं पिठलं, कधी शेवळाची भाजी, कधी नुसती मिरची-मिठाची चटणी. राजवाड्यावर तासाचे टोल पडत आणि तात्या टोल ऐकून अंगरखा चढवीत. काका त्यांच्या आधीच बाहेर पडलेला असे.

तो जंगलखात्याच्या वखारीत कामाला होता. तोडून आणलेले सागाचे ओंडके तिथं रचून ठेवलेले असत, त्यांवर गेरूनं आकडे घालायचे हे त्याचं काम. त्यात बोलावं लागत नसे, म्हणून तात्यांनी ते मुद्दाम त्याच्यासाठी शोधलं होतं. पण कुंचला एकदा हातात आल्यावर माणूस नुसते आकडे किती दिवस घालणार? वखारीत फळ्यांचे निरुपयोगी तुकडे पडत. ते काका घरी आणी, दगडानं घासून गुळगुळीत करी आणि सुटीच्या दिवशी मागल्या पडवीत मांडी घालून चितारायला बसे. चितारणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रंगही घरचेच. गेरू, चुना, दिव्याची काजळी, हळद, धुण्याची नीळ, आणि ते पक्के बसावेत म्हणून धावड्याचा डिंक. बाजारात रसूलचाचा रंगारी होते, लुगडी आणि पागोटी रंगवून देणारे. त्यांच्या हौदाच्या तळाशी राहिलेला किरमिजी नाहीतर हिरवा रंग ते एका करवंटीत काढून ठेवीत आणि मला हाक मारीत, "ए वाचा! तुझ्या काकाचा खुराक घेऊन जा."

आणि काका काढायचा ते काय? तर जनावरं. पण ती रानातली जनावरं नव्हेत, म्हणजे होती रानातलीच, पण त्यांचे धंदे माणसांचे. एका फळीवर अस्वल होतं. ना पाऊस ना ऊन, तरी एका हातानं धोतराचा सोगा धरून, मोठ्या गंभीरपणे छत्री घेऊन निघालेलं. एकावर साळू, आपले काटे उपसून खुंटीवर पागोट्यासारखे अडकवून ठेवणारी, आणि काट्यांवाचून इतकी लाजलेली की तिनं पदर घेतलेला. आणि सगळ्यांत मोठ्या फळीवर वाघ होता. दोन्ही पाय जात्याच्या दोन बाजूंना पसरून तो नागली दळत बसला होता. त्याच्या मिशांवर, भुवयांवर, शेपटीच्या गोंड्यावर पीठ बसलेलं, आणि चेहऱ्यावर असा थकलेला, समाधानी भाव, की आई एकदा त्या फळीपुढे उभी राहून म्हणाली, "अगो बाई, हा तर माझ्यासारखाच दिसतो."

प्रत्येक चित्राला गाणं होतं. गाताना काका अडखळत नसे. हे एक आश्चर्य आम्ही रोज पाहत होतो आणि रोज पाहत असल्यामुळे त्याचं आश्चर्य उरलं नव्हतं. चितारताना तो गुणगुणे, आणि आम्ही पोरं भोवती बसून म्हणू लागू:

अस्वलदादा अस्वलदादा, छत्री कुठं नेली?
पाऊस नाही, ऊन नाही, उवांना सावली केली!

आणि साळूचं:

साळूबाई साळूबाई, काटे खुंटीला टांग,
उंदराला लागली भूक, भाकर कुठंय सांग!

वाघाचं गाणं तर आम्ही पानावर बसल्याबसल्या ताटल्या वाजवून म्हणत असू आणि तात्यांचा ओरडा खात असू:

वाघ बसला जात्यापाशी, नागली दळतो घरघर,
मिशा पांढऱ्या, शेपूट पांढरी, भाकर मात्र बोटभर!

ही गाणी सोमायची, असं काका सांगे. सोमाय म्हणजे खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची एक वारली बाई. माझे आजोबा संस्थानच्या चाकरीत खोडाळ्याला होते तेव्हा काकाचा जन्म झाला. त्या बाळंतपणानंतर आजी अंथरुणाला खिळली आणि काकाला सोमायनं सांभाळलं, अगदी तो पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत. तात्या तेव्हा जव्हारला मामांकडे शिकायला होते, त्यामुळे खोडाळ्याचं ते जग एकट्या काकाचं होतं. ओढ्याकाठची कारवीच्या कुडांची झोपडी, सोमायच्या कमरेवरून दिसणारं रान, आणि तिची गाणी. पुढे आजोबांची जव्हारला बदली झाली, आणि त्यानं सोमायला पुन्हा पाहिलं नव्हतं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण रसूलचाचांनी वाघाची फळी एकदा हट्टानं मागून घेतली आणि आपल्या दुकानात, रंगवलेल्या कापडांच्या वर, टांगली. बाजारच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसं तिथं थबकत, चाचांकडून वाघाचं गाणं ऐकत आणि हसून लोटपोट होत. त्या हसणाऱ्यांत एक दिवस शाळेचे नवे हेडमास्तर होते. उंच, किडकिडीत, लांब मानेचे, देशावरून आलेले गृहस्थ. ते तडक आमच्या ओटीवर आले.

"तात्यासाहेब, आमच्या बिगरीच्या वर्गात पाड्यांवरची पोरं यायला लागलीत," ते म्हणाले. "येतात, चार दिवस बसतात आणि पळतात. भिंतीवर त्यांच्या ओळखीचं काही नाही हो. नकाशा आणि छडी. मला त्या भिंतीवर हा वाघ पाहिजे. त्याचे भाऊबंदही पाहिजेत. आणि खाली मोठ्या अक्षरांत गाणी, म्हणजे गाता गाता वाचतील."

तात्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. पण त्यांनी विषय बदलला. आणि काका उठून आत गेला.

कारण मला त्या दिवशी आईकडून कळलं. काका याच शाळेत जात असे. एकदा वर्गात कविता म्हणायला त्याला उभं केलं आणि पहिलाच शब्द अडला. सगळा वर्ग हसला. मग ते रोजचंच झालं. पोरं रस्त्यात त्याच्या मागून 'गो-गो-गोंद्या' करत चालायची. एक दिवस त्यानं पाटी परसातल्या फणसाच्या बुंध्याशी ठेवली आणि तो पुन्हा त्या इमारतीत गेला नाही. तात्यांनी त्याला समजावलं, मारलंसुद्धा. "त्या भिंतीपुढे त्याला परत उभा करायचा?" आई म्हणाली. "तात्यांचा जीव धजत नाही, इतकंच."

हेडमास्तर दुसऱ्या दिवशी परत आले. या वेळी काका ओटीवर बसून राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "गा-गा-" तो म्हणाला. "गाणी," मी म्हटलं. "सो-" "सोमायची आहेत," मी म्हटलं. मग त्यानं खोडाळ्याच्या दिशेला हात केला, आणि मी हेडमास्तरांना समजावून सांगितलं की गाणी दुसऱ्याची आहेत, तिला विचारल्याशिवाय काका ती भिंतीवर लिहिणार नाही.

तात्या वैतागले. "वारलिणीची परवानगी काढायला खोडाळ्याला जायचं? ती आहे की नाही हे तरी ठाऊक आहे का तुला?" पण हेडमास्तर म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. दिवाळीच्या सुटीपर्यंत मला घाई नाही." काका त्या भिंतीपासून सुटण्यासाठी निमित्त शोधतोय असं तात्यांना वाटत असावं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

बरोबर बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून मी गेले. एका ओळखीच्या गाडीवानाची बैलगाडी, गवताच्या पेंढ्यांवर घोंगडी, आणि तिच्यात गुंडाळलेल्या फळ्या, चाचांकडून मागून आणलेला वाघसुद्धा. पाऊस संपून रान नुकतं निवळलं होतं. उतारांवर खुरासणी फुलली होती, इतकी पिवळी की काका गाडीतून उतरून फुलं चुरगाळून बोटांवर रंग उतरतो का ते बघत राही आणि गाडीवान कपाळाला हात लावी. मोखाड्याला एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या अलीकडे नागलीची कणसं डोलणारी शेतं लागली, आणि काका बोलेनासा झाला. म्हणजे गुणगुणेनासासुद्धा झाला.

सोमाय होती. पाडा शोधायला वेळ लागला नाही, कारण ओढा जिथल्या तिथं होता आणि काकाचे पाय आपोआप वळत गेले. झोपडीपुढे सारवलेल्या अंगणात एक म्हातारी वरई पाखडत होती. बारीक, काळी, पिकल्या केसांची. काका तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि शब्द अडला. त्याची मान कलली, डोळे मिटले. मी "आम्ही जव्हारहून-" म्हणायला लागले, तोच म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं.

"गोंदू?" ती म्हणाली. "माझा गोंदू?"

माणसाला त्याच्या आवाजावरून ओळखतात, चालीवरून ओळखतात. काकाला तिनं त्याच्या अडण्यावरून ओळखलं होतं.

मग तिनं त्याचे गाल, कान, खांदे चाचपले, माझी वेणी ओढून पाहिली, आत जाऊन पाणी आणलं. तिची घरची बोली मला पुरती कळत नव्हती. आमच्याशी ती बाजारातल्या मराठीत बोले, मधेच आपल्या बोलीवर जाई, आणि काका मान डोलवी, म्हणजे त्याला कळत होतं. काकानं घोंगडी सोडली आणि एकेक फळी कुडाला टेकून ठेवली. अस्वल पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. साळू पाहून ती खाली बसली. वाघ पाहिला आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी मोठ्या जबाबदारीनं बोलले, "सोमाय, ही तुझी गाणी आहेत. काकाला ती शाळेच्या भिंतीवर लिहायची आहेत. तू लिही म्हणशील का?"

"माझी कशी?" म्हातारी म्हणाली. "मना कठं अशी गाणी येतात? माझी गाणी लग्नाची, देवाची. ही याची."

"तू-तू-तू म्हणायचीस," काका म्हणाला. मला ते वाक्य पुरं करता आलं नाही, कारण तो एवढं बोलेल असं मला वाटलंच नव्हतं.

"मागून म्हणायची," सोमाय म्हणाली. "पहिला तूच म्हणायचास. इसरलास?" मग ती माझ्याकडे वळली. "पोरी, याला भूक लागली तर भाकर मागता यायची नाय. 'भ, भ' करायचा न् रडायचा. एक दिस मी दळत होते, हा समोर बसलेला. बोलाया गेला, नाय जमला. मग जात्याची घरघर चालू होती ना, तिच्यावर गाया लागला. न् गाण्यात अडलाच नाय! वाघ बसला जात्यापाशी, भाकर बोटभर. माझा हात थांबला. हा वाघ म्हंजे कोण ठाव आहे? मी! पिठानं पांढरी झालेली. मना म्हणतो, एवढा दळतेस न् भाकर केवढी देतेस!"

मग ती काकाकडे वळली.

"उवा काढत होते तवा अस्वलाचा गाणा केलास. भूक लागली तवा साळूचा. मी तुझ्या मागून म्हणायची, म्हंजे तू पुढचा म्हणशील. लोक म्हणत, हा पोर मुका होणार. मी म्हणायची, मुका नाय. याला वाट गावली आहे."

काकानं वाघाची फळी उचलून मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ तो तिच्याकडे पाहत बसला. त्या वाघाची मान एका बाजूला कशी वाकली आहे, खांद्याचं हाड कसं वर आलं आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि मग सोमायकडे पाहिलं. ती त्या वेळी जात्याकडे वळली होती, आम्हाला भाकरी करण्यासाठी. तीच मान, तेच हाड. वीस वर्षं त्याच्या हातानं ते जपून ठेवलं होतं आणि त्याच्या मनाला त्याचा पत्ता नव्हता.

आम्ही नागलीची गरम भाकरी आणि उडदाचं वरण जेवलो. भाकरी बोटभर नव्हती, चांगली परातीएवढी होती. काकानं वाघाची फळी तिच्या कुडावर, जात्याच्या वर, काथ्यानं बांधून दिली.  निघताना सोमाय ओढ्यापर्यंत चालत आली, आणि गाडी वळेपर्यंत तिथं उभी होती. त्यानंतर माझी तिची भेट झाली नाही. काका मात्र दरसाल नागली झोडून झाली की जाऊन येई, ती असेपर्यंत.

 परतीच्या वाटेवर, मोखाडा सोडल्यावर, एक घोरपड रस्ता ओलांडून सरसर दरडीवर चढली. काका तिच्याकडे बघत राहिला आणि जरा वेळानं, चाकांच्या कुरकुरीवर, मी कधी न ऐकलेलं काहीतरी हळूच म्हणू लागला:

घोरपड चालली शाळेला, दप्तर बांधून शेपटीला,
घोरपड पुढे, पाटी मागे, मास्तर लागले पाठीला!

दिवाळीच्या सुटीत त्यानं भिंत रंगवली. रिकाम्या शाळेत तो सकाळी जाई आणि उन्हं कलली की अंगावर सगळे रंग घेऊन येई. रसूलचाचांनी स्वतः येऊन भिंतीला चुन्याचा हात दिला आणि ते शिडी धरून उभे राहिले. डिंक कमी पडला तेव्हा आईनं लाडवांसाठी आणलेला डिंक दिला, आणि त्या वर्षी आमच्याकडे लाडू झाले नाहीत. वाघ या वेळी माणसाएवढा झाला होता. घोरपड दारापासून खिडकीपर्यंत पसरली होती, आणि तिच्या मागे पगडी सांभाळत, उंच पायांवर पळत होता एक बगळा. हेडमास्तर बराच वेळ त्या बगळ्यापुढे उभे राहिले. "गोविंदराव," ते म्हणाले, "हा गृहस्थ मला ओळखीचा वाटतो." काका शिडीवर घाबरून थिजला. तेव्हा हेडमास्तर इतके मोठ्यानं हसले की त्यांची पगडी खरोखरच घसरली.

ती भिंत आता नाही. मी मोठी झाल्यावर, लग्न होऊन गेल्यावर, कधीतरी तिच्यावर चुना फिरला. नंतर संस्थान गेलं, इमारत गेली. माझ्या नातीच्या पुस्तकात रंगीत हत्ती-ससे असतात, सुंदर छापलेले. मी ते पाहते. वाईट नसतात. पण एकाही हत्तीकडे बघून मला 'हा कोण असेल' असं वाटत नाही. काकाचं प्रत्येक जनावर कोणीतरी असे. म्हणून ती चित्रं पाहून माणसं हसत आणि हसता हसता जरा गप्प होत. मी पुढे मुंबईत मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं पाहिली, पण मनातल्या मनात त्यांना मी काकाच्या मापानंच मोजत आले आहे.

ती दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली त्या सकाळी हेडमास्तरांनी काकाला बोलावलं. तो मला घेऊन गेला. तात्या कचेरीला जायचं सोडून आमच्या मागून आले आणि वर्गाच्या दाराबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. पोरं आत शिरली. पुढची पोरं थांबली म्हणून मागची त्यांच्यावर आदळली. मग एकदम गलका झाला. कुणी वाघाच्या मिशीला बोट लावून पीठ लागतं का पाहत होतं, कुणी घोरपडीच्या पाटीवरची अक्षरं गिरवत होतं. हेडमास्तरांनी गाणी म्हणून दाखवली, पोरांनी ती दुसऱ्याच खेपेला उचलली, आणि सगळी बिगरी वाघाबरोबर घरघर करू लागली.

गाणं संपलं तेव्हा पाड्यावरची एक चिमुरडी पोरगी पुढे आली. अंगात मोठ्या भावाची बंडी. तिनं हेडमास्तरांना विचारलं नाही. हाताला रंग लागलेला माणूस कोण, ते तिनं बरोबर हेरलं होतं.

"ही गाणी कोनाची?" तिनं काकाला विचारलं.

मी तोंड उघडलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण काकानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड मिटलं.

त्याची मान कलली. डोळे मिटले. "मा-" तो म्हणाला, आणि शब्द अडला. मागच्या कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं.  दारात तात्यांनी चौकट घट्ट धरली होती. "मा-मा-" काका पुन्हा थांबला. त्याला गाता आलं असतं. गाण्यात तो अडला नसता, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पण तो गायला नाही. त्यानं श्वास घेतला, तो शब्द पहिल्यापासून पुन्हा हातात घेतला, आणि आपल्या वेळेनं, जितका लागेल तितका वेळ घेऊन, शेवटापर्यंत नेला.

"मा-माझी."

पोरगीनं मान डोलवली. जणू एखादा माणूस सावकाश चालत यावा आणि आपण दारात उभं राहावं, यात विशेष ते काय, अशी.

"मंग आनखी एक सांगा," ती म्हणाली, आणि त्याच्या पायाशी जमिनीवर बसली.

तिच्या मागोमाग बाकीची बसली. काका त्यांच्यामध्ये मांडी घालून बसला.